प्रथमोपचार हेही शेतीचेच ज्ञान

खरीप हंगाम जवळ आला म्हणजे जाणता शेतकरी आपल्या मनाशी एक हिशेब मांडू लागतो. बियाण्याची उगवणशक्ती तपासून झाली काय, औते-अवजारे दुरुस्त आहेत काय, बैलांना नाल मारले काय, पंपाची मोटार ठीक चालते काय, खताची तजवीज झाली काय, अशा एक ना दोन, अनेक गोष्टी त्याला पाहाव्या लागतात. परंतु या हिशेबात एक बाब सहसा आढळत नाही. पेरणीपासून मळणीपर्यंतचे सारे काम ज्या हातांनी व्हावयाचे, त्या हातांपैकी एखादा हात अपघातात सापडला, तर डॉक्टरची मदत मिळेपर्यंतचा वेळ कसा निभवावयाचा, ही ती बाब होय. प्रथमोपचाराचे ज्ञान हे शहरातील कारखान्यांपुरते किंवा शाळेतील बालवीरांपुरते आहे, अशी आपली समजूत झालेली दिसते. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत खेड्यातील माणसे आपल्या प्राणांनी मोजीत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत पुस्तके वाचून बनलेले नाही. काही वर्षांपूर्वी विस्तारकार्याच्या निमित्ताने मी एका गावी गेलो होतो. देवळासमोर बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक चालू असताना एकच ओरड झाली. जवळच्या मळ्यातील विहिरीत सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा बुडाला होता. आम्ही धावत गेलो तेव्हा पोहणाऱ्यांनी त्याला नुकतेच वर आणले होते. भोवती चाळीस-पन्नास माणसे जमली. कोणी त्याला पालथा घालून पोट दाबू लागला, कोणी पाय धरून उलटे टांगा म्हणाला, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. गाडी आणावयास माणूस धावला. ती येईपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात त्या मुलाच्या तोंडात कोणी एकदाही श्वास फुंकला नाही, की त्याच्या छातीवर योग्य रीतीने दाब दिला नाही. त्याची आई माझ्याकडे वळून म्हणाली, “साहेब, तुम्ही शिकलेले आहात, काय करायचं ते सांगा.” माझ्या पिशवीत बीजप्रक्रियेची पत्रके होती. एका किलो बियाण्यास औषध किती ग्रॅम चोळावे, हे मला तोंडपाठ होते. त्या माउलीला सांगण्यासारखे मात्र माझ्यापाशी काहीही नव्हते.

तो मुलगा वाचला असता किंवा नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. परंतु त्याला वाचविण्याचा योग्य प्रयत्न झालाच नाही, आणि प्रयत्न न करणाऱ्यांत मीही होतो, एवढे मला निश्चित ठाऊक आहे. त्यानंतर मी हे शिक्षण घेतले. ते घेण्यास फार दिवस लागले नाहीत, म्हणूनच आधी न घेतल्याची खंत अधिक वाटते.

वेळेचे मोल

श्वास आणि हृदयक्रिया बंद पडली असता मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो, आणि चार-पाच मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेची सेवा उपलब्ध झाली आहे. तिचा लाभ असंख्य लोकांना मिळाला आहे आणि अपघात होताच हा क्रमांक फिरविणे हे प्रत्येकाचे पहिले कर्तव्य होय. परंतु वाहन कितीही वेगाने आले, तरी वाडी-वस्तीवर पोहोचावयास त्याला काही वेळ लागणारच. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, पाणंद चिखलाने भरली, म्हणजे हा वेळ आणखी वाढतो. औषध दवाखान्यात असते आणि रोगी बांधावर असतो. या दोहोंमधले अंतर जो कोणी जवळ उभा असेल त्यालाच भरून काढावे लागते. तो डॉक्टर नसतो. तो शेजारी असतो, भाऊ असतो, मजूर असतो, पुष्कळदा घरची बाईच असते.

बुडालेल्या माणसाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या पोटातील पाणी काढण्यात वेळ दवडू नये. त्याला उताणा निजवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून प्रथम तोंडाने श्वास द्यावा. तो श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, सुमारे दोन इंच खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. ३० दाबांनंतर २ श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत न थांबता चालू ठेवावा. वाचताना हे सोपे वाटते. परंतु दोन इंच म्हणजे हाताला किती जोर लागतो, आणि दोन-तीन मिनिटांत दाब देणारा कसा थकतो, हे करून पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून दाब देणारे आळीपाळीने बदलावे लागतात, आणि त्यासाठी गावात ही क्रिया जाणणारा एकच माणूस असून भागत नाही.

शेतीतील नित्याचे धोके

शेती हा निसर्गाच्या सान्निध्यातील निरोगी धंदा आहे, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते काही अंशी खरेही आहे. परंतु साप, वीज, विष आणि यंत्र हे चार धोके शेतकऱ्याच्या रोजच्या वाटेवर आहेत, हे विसरून चालणार नाही.

सर्पदंशाची गोष्ट प्रथम पाहू. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागांत आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत झाले. पेरणी, कोळपणी आणि खुरपणी यांचे जे दिवस, तेच हे दिवस. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशासंबंधी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या उद्दिष्टाचा अर्धा भार रुग्णालयांवर असेल, तर उरलेला अर्धा गावावर आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष चालते. म्हणून साप कोणता हे शोधीत बसण्याची किंवा त्याला मारून दवाखान्यात नेण्याची मुळीच गरज नाही. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, बांगडी, तोडा, पैंजण लगेच काढून घ्यावे. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी दंश झालेल्या अवयवाला फळी किंवा काठी सैलसर बांधून तो हलू देऊ नये आणि तडक रुग्णालय गाठावे. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे, कोंबडी लावणे, या सर्व गोष्टी घातक आहेत. दोरी आधीच आवळून बांधली गेली असेल, तर ती वाटेत एकदम सोडू नये. ते काम डॉक्टरवर सोपवावे.

मण्यारीविषयी विशेष सांगावयास हवे. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. दंशाच्या जागी वेदना नसते, सूजही नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरची माणसे पोटदुखीचा काढा देतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. एवढे एक लक्षण गावातील प्रत्येक घराला ठाऊक झाले, तरी अनेक प्राण वाचतील.

मांत्रिकाकडे जाण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. बिनविषारी साप चावलेला माणूस मंत्राने बरा झालासा वाटतो, आणि विषारी साप चावलेला दगावला की दैवाला बोल लावला जातो. त्यामुळे मांत्रिकाचा लौकिक कायम राहतो. या श्रद्धेची थट्टा करून ती जात नाही. देवाला नारळ कबूल करावयाचा असेल तर तो वाटेत गाडीतच करावा, परंतु गाडी थांबवू नये, एवढे आपण लोकांना समजावून सांगितले तरी पुष्कळ झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने हे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी करता येतात हे दाखवून दिले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. परंतु या संशोधनाचा लाभही त्यालाच मिळतो, जो वेळेवर दवाखान्यात पोहोचतो.

दुसरा धोका विषारी औषधांचा. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसजणांहून अधिक शेतकरी आणि मजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती आणि फवारा डोक्याच्या पातळीवर होत होता. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम येणे, अंधुक दिसणे, श्वास कोंडणे, ही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या बाधेची चिन्हे आहेत. अशा वेळी माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणून अंगावरचे सर्व कपडे काढावे आणि भरपूर पाणी व साबण यांनी अंग धुवावे. धुणाऱ्याने आपल्या हातांस विष लागणार नाही याची दक्षता घ्यावी. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, दूध किंवा तूप देऊ नये. रोगी शुद्धीवर नसल्यास त्याला डाव्या कुशीवर ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. विष कोणते व त्यावर उतारा कोणता, हे त्या चिठ्ठीवर छापलेले असते. आपण मात्र डबा बांधावर फेकून देतो, आणि डॉक्टरला अंधारात चाचपडावयास लावतो.

विजेच्या धक्क्यासंबंधी एकच नियम मनावर बिंबला पाहिजे. चिकटलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी प्रवाह बंद करावा. एकाला सोडविण्यासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी तिसरा धावून एकाच घरातील माणसे दगावल्याच्या वार्ता दरसाल वर्तमानपत्रांत येतात. मुख्य स्विच बंद करणे शक्य नसेल, तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. परंतु हा उपाय घरगुती किंवा पंपाच्या दाबाच्या विजेपुरताच आहे. उच्च दाबाच्या वाहिनीची तार तुटून पडली असेल, तर जवळ न जाता वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद होईपर्यंत सर्वांना दूर ठेवणे, हेच शहाणपण. जुन्या विहिरीत किंवा शेणगॅसच्या टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला, तरी हीच गोष्ट. आत विषारी वायू किंवा प्राणवायूचा अभाव असतो. दोर न बांधता त्याच्यामागे उडी घेणे हे शौर्य नव्हे. शेणगॅसच्या टाकीत कंदील सोडून पाहण्याचा विचारही करू नये, कारण तो वायू पेट घेतो. स्वतःचे रक्षण हा प्रथमोपचाराचा पहिला धडा आहे.

मळणीयंत्राने हात चिरडला किंवा बोट तुटले असता जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात वर उचलून ठेवावा. हळद, चुना, तंबाखू, माती यांपैकी काहीही भरू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रोग्याबरोबर न्यावी. बोट उघडे बर्फावर ठेवल्यास ते निकामी होते. लवकर पोहोचल्यास ते पुन्हा जोडले जाण्याची आशा असते. हे ठाऊक नसल्यामुळे किती बोटे शेतातच पुरली गेली असतील!

भाषणाने हे येणार नाही

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. वर जे लिहिले आहे ते वाचून कोणी प्रथमोपचारक होणार नाही, आणि लेखकाची तशी अपेक्षाही नाही. कलम बांधण्याची कृती आपण शेतकऱ्यांस शिकवितो ती भाषणाने नव्हे. चाकू हातात देतो, फांदी कापावयास लावतो, चुकलेले कलम उलगडून पुन्हा बांधावयास सांगतो. प्रथमोपचाराचीही तीच गोष्ट आहे. सभेत व्याख्यान झाले, भिंतीवर तक्ता लागला, हजेरीपटावर सह्या झाल्या, म्हणजे प्रशिक्षण झाले असे मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे. प्रत्यक्ष पुतळ्यावर छातीदाब दिलेला, शेजाऱ्याच्या हाताला फळी बांधलेला, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवून पाहिलेला माणूसच प्रसंगी पुढे येतो. ज्याने केवळ ऐकले आहे तो गर्दीत उभा राहतो, जसा मी उभा राहिलो होतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे डॉक्टरचे काम आहे, अर्धवट ज्ञान घातक ठरेल. उत्तर सोपे आहे. अर्धवट ज्ञान आजही वापरले जातच आहे. पोट दाबणे, दोरी आवळणे आणि चुना भरणे हे अर्धवट ज्ञानच नव्हे काय? प्रथमोपचाराच्या शिक्षणात काय करू नये हे जितके शिकविले जाते, तितकेच त्याचे मोल आहे.

दुसरा आक्षेप पोलिसांच्या लचांडाचा. रस्त्यावरील अपघातात जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ सालच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम १३४-अ प्रमाणे संरक्षण मिळाले आहे. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. बाजाराला जाताना, उसाच्या वाहतुकीत, ट्रॅक्टर उलटून जे अपघात रस्त्यावर घडतात, त्यांत मदत करताना कोणीही कचरू नये.

तिसरा आक्षेप गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा आहे, आणि तो मला सहानुभूतीने ऐकावासा वाटतो. आमच्यामागे आधीच शेकडो कामे आहेत, त्यात हे आणखी एक, असे ते म्हणतात. त्यांची तक्रार खोटी नाही. परंतु हे काम कागद वाढविणारे नाही. शिवाय विस्तार-कार्यकर्त्याचे खरे भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास. ज्याच्या हाताने एखाद्या घरचा माणूस वाचला, त्याने सांगितलेले सुधारित वाण त्या घरात दुसऱ्या दिवशी पेरले जाईल, असा माझा अनुभव नसला तरी भरवसा आहे.

काय करता येईल

प्रत्येक वस्तीवर किमान दोन माणसे, त्यांपैकी एक स्त्री, प्रथमोपचारात तयार असावी. दिवसा पुरुष रानात असताना घरी आणि शेजारी स्त्रियाच असतात, आणि खुरपणी-वेचणीच्या कामावर तर त्यांचीच संख्या अधिक असते. आशा कार्यकर्ती, शिक्षक, वायरमन, ट्रॅक्टरचालक, फवारणी करणारे मजूर आणि बचत गटांतील भगिनी यांची प्रथम निवड करावी. मृगाच्या आधी एक संपूर्ण दिवस ग्रामपंचायतीने यासाठी राखून ठेवावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावे. भारतीय रेडक्रॉस सोसायटी, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांसारख्या संस्था हे शिक्षण देतात, त्यांचेही साह्य मागावे. शेतीशाळेत कीड ओळखावयास शिकवितो, त्याच शेतीशाळेत विषबाधेची चिन्हे ओळखावयास शिकवावी. आणि वर्षातून एकदा उजळणी व्हावी, कारण न वापरलेली विद्या न वापरलेल्या विळ्याप्रमाणे गंजते.

गावात एक पेटी असावी. तिच्यात स्वच्छ पट्ट्या, त्रिकोणी कापडे, कात्री, रबरी हातमोजे, साबण, विजेरी आणि दोन-तीन फळ्या एवढे असले तरी पुरे. पेटीला कुलूप असू नये. कुलपाची किल्ली शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. सर्पदंशावरील प्रतिविष जवळ कोठे मिळते, कोणाची गाडी रात्री-अपरात्री मिळू शकेल, हे आधीच ठरवून चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

याला खर्च किती येईल? शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली त्याच्या वारसांना दोन लाख रुपये देण्याची तरतूद आहे. सर्पदंश, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, विषबाधा या कारणांचा तीत समावेश आहे. कर्ता पुरुष गेलेल्या घराला हा मोठाच आधार होय आणि ती योजना प्रत्येक पात्र कुटुंबापर्यंत पोहोचविणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु एका मृत्यूनंतर द्यावयाच्या रकमेच्या लहानशा भागात एका गावाचे प्रशिक्षण आणि पेटी सहज होऊ शकेल. अनुदानाचा अर्ज भरण्यास आपण जेवढ्या तत्परतेने मदत करतो, तेवढीच तत्परता तो अर्ज भरण्याची वेळ येऊ नये म्हणून दाखविली, तर ती खरी सेवा ठरेल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. त्या गावच्या विहिरीवर मी अलीकडे पुन्हा गेलो होतो. तिला आता कठडा आहे, आणि कठड्याशी एक जाड दोर व फुगविलेली ट्यूब टांगून ठेवलेली आहे. त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने आणि गावातील आणखी नऊजणांनी प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे. दोर मी ओढून पाहिला. तो मजबूत होता. आपल्या गावच्या विहिरीवर तो आहे काय, आणि तो फेकल्यानंतर पुढे काय करावयाचे हे जाणणारे कोणी जवळपास आहे काय, एवढे वाचकांनी या हंगामापूर्वी एकदा पाहून घ्यावे.